जंगलातील सौर संच : आधी सावली पाहा, मग पॅनेल बसवा



विजेची तार पोहोचलेली नाही अशा ठिकाणी सौर संच उभारणे हा हुन्नरी तरुणांसाठी चांगला जोडधंदा आहे. मात्र गावातील आणि जंगलातील काम यांत फरक आहे. गावात फ्यूज उडाला तर तासाभरात मिळतो. जंगलात नाल्याला पूर आला की वाट अनेक दिवस बंद राहते, आणि साप-विंचवाची भीती नेमकी त्याच दिवसांत अधिक असते. म्हणून 'आपल्याला लवकर परत येता येणार नाही' असे धरूनच काम करावे. उदाहरणादाखल मेळघाटातील सागाच्या जंगलातली, वनरक्षकांच्या मुक्कामाची एक संरक्षण कुटी घेऊ.

जागेची निवड

उन्हाळ्यात साग निष्पर्ण असतो. मे महिन्यात उन्हात दिसणारी जागा ऑगस्टमध्ये गर्द सावलीत जाते. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कलतो. डिसेंबरात भर दुपारीही झाडाची सावली जवळजवळ त्याच्या उंचीइतकी उत्तरेकडे पडते. सकाळ-संध्याकाळ ती आणखी लांबते. पॅनेलच्या एका कोपऱ्यावर फांदीची सावली आली तरी वीजनिर्मिती बरीच घटते. वनात झाड तोडता येत नाही, हे ध्यानात ठेवून मोकळी जागाच शोधावी. खांब रोवण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी. पॅनेलचे तोंड दक्षिणेकडे व उतार सुमारे २१ अंश ठेवावा.

विजेचा हिशेब

रोजचा वापर पुढीलप्रमाणे धरू :

१) ७ वॅटचे ४ एलईडी दिवे, ५ तास – १४० वॅट-तास
२) २५ वॅटचा डी.सी. पंखा, ८ तास – २०० वॅट-तास
३) वायरलेस संच व मोबाइल चार्जिंग – ४० वॅट-तास

एकूण ३८० वॅट-तास झाले. गळतीसाठी ३० टक्के वाढवल्यास सुमारे ५०० होतात. पावसाळ्यात दिवसाला ३ तासांचेच पूर्ण ऊन धरावे. ५०० ला ३ ने भागल्यास १६७ येतात. म्हणून २०० वॅटचे पॅनेल घ्यावे.

सूर्यदर्शन न होणाऱ्या दोन दिवसांसाठी ७६० वॅट-तास साठा लागेल. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये, म्हणून दुप्पट, म्हणजे १५२० धरावेत. १२ व्होल्टने भागल्यास १२७ येतात. बाजारात मिळणारी १५० अँपिअर-तासांची ट्युब्युलर बॅटरी योग्य ठरेल.

तार जाड घ्यावी. पॅनेल १० मीटर दूर असेल व ११ अँपिअर प्रवाह असेल, तर २.५ चौ. मि.मी. तांब्याच्या तारेत सुमारे १.६ व्होल्ट वाया जातात, ६ चौ. मि.मी. तारेत ०.७ व्होल्टच.

उभारणी करताना

• बॅटरी वजनदार असते. दोघांनी उभीच उचलावी. कलंडल्यास तेजाब सांडते. हातमोजे व चष्मा वापरावा.
• चार्ज कंट्रोलरला आधी बॅटरी, नंतर पॅनेल व शेवटी दिवे जोडावेत. सोडवताना क्रम उलटा ठेवावा.
• बॅटरीच्या धन टोकाजवळ फ्यूज अवश्य बसवावा.
• बॅटरी हवेशीर जागी, चुलीपासून दूर ठेवावी. चार्ज होताना तिच्यातून पेट घेणारा वायू निघतो. जवळ विडी ओढू नये.
• उंदीर तारा कुरतडतात, म्हणून तारा लोखंडी नळीतून न्याव्यात. वानरांची उडी सोसेल असा सांगाडा घट्ट बसवावा.

निघण्यापूर्वी

कुटीतील दोघांना तरी काम शिकवावे. तुम्ही करून दाखवणे पुरेसे नाही. त्यांच्याच हातून फ्यूज बदलून घ्यावा. दर महिन्याला पॅनेल पुसणे, बॅटरीतील पाण्याची पातळी पाहणे व फक्त डिस्टिल्ड वॉटरच घालणे, हे त्यांच्या वहीत लिहून द्यावे. चार जादा फ्यूज, दोन दिवे, पक्कड व डिस्टिल्ड वॉटरचा कॅन तेथेच ठेवावा. पंखा जास्त वेळ चालवला तर दिवे लवकर विझतील, हेही स्पष्ट सांगावे.

संच पहिल्या संध्याकाळी उजळला म्हणून काम पुरे झाले असे समजू नये. ऑगस्टच्या झडीतही दिवा लागला, तरच तुमचे काम चोख.