मशीनला एकच प्रश्न विचार

अगं, बरं झालं तूच विषय काढलास. ग्रामीण रुग्णालयात सोनोग्राफीचं मशीन आलंय, रात्रपाळीला तू एकटी आणि रेडिओलॉजिस्ट अख्ख्या तालुक्यात नाही, म्हणून घाबरलीयेस. पण शिकायचं म्हणजे रेडिओलॉजिस्ट व्हायचं, ही धास्ती आधी काढून टाक. आपण खाटेशी उभं राहून मशीनला एकाच वेळी एकच प्रश्न विचारायचा. पोटात रक्त आहे का? हृदयाभोवती पाणी साठलंय का? उत्तर हो किंवा नाही, बस्स.

त्याआधी कागद बघ. १९९४ च्या पीसीपीएनडीटी, म्हणजे गर्भलिंगनिदानबंदीच्या कायद्याखाली खिशात मावणाऱ्या मशीनलाही नोंदणी लागते. त्या नोंदणीत तुझं नाव आहे का, सहा महिन्यांचं प्रशिक्षण लागेल का, हे जिल्हा शल्यचिकित्सकांच्या कार्यालयातून लेखी घे. आणि कुणी कितीही गळ घातली तरी मशीन आवाराबाहेर नेऊ नकोस. जाच वाटेल कधी कधी. पण देशाच्या आधी, १९८८ मध्येच, आपल्या महाराष्ट्राने असा कायदा केला, कारण आपल्याच दवाखान्यांतून मुली गर्भातच संपवल्या जात होत्या. मला तो कायदा आपला वाटतो.

आता हात बसवायचा. घाटात बाइक घसरलेला मुलगा आला, नाडी १३०, तर उजव्या कुशीपासून सुरुवात कर. खालच्या बरगड्यांवर प्रोब, खूण डोक्याकडे. यकृत आणि मूत्रपिंड एकमेकांना चिकटून दिसले पाहिजेत. मध्ये काळी रेघ दिसली तर ते बहुधा रक्त. नवे डॉक्टर मधला भाग बघून थांबतात. तू प्रोब खाली सरकव आणि यकृताचं टोक बघ, थोडं रक्त आधी तिथेच साठतं. डाव्या बाजूला प्रोब आणखी वर आणि मागे, इतका की बोटांची पेरं गादीला टेकली पाहिजेत. आणि लघवीची नळी घालायची घाई नको. भरलेल्या मूत्राशयामुळेच ओटीपोटातलं पाणी दिसतं.

काही दिसलं नाही म्हणून निर्धास्त होऊ नकोस. आतडं फाटलेलं, पाठीमागे साठलेलं रक्त, हे या तपासणीत निसटतं. अर्ध्या तासाने पुन्हा बघ, आणि तोवर पोटावरचा हात काढू नकोस.

सरावाचं म्हणशील तर अमेरिकेतल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेने एकेका तपासणीसाठी २५ ते ५० स्कॅन सांगितलेत, तेही कुणा जाणत्याने तपासलेले. नुसती संख्या भरून उपयोग नाही गं. बाहेरून सोनोग्राफीवाले डॉक्टर येतात त्या दिवशी त्यांच्याशेजारी बस. निरोगी यकृत नजरेत बसलं की बिघाड आपोआप खटकतो.

तुझं पोस्टिंग कोकणातलं, म्हणून विंचवाचंही सांगते. लाल विंचू चावला की फुप्फुसात पाणी भरू शकतं. बिरवाडी-महाडकडे डॉ. हिंमतराव बावस्करांनी खाटेशी बसून हे ओळखलं आणि प्राझोसिनने माणसं वाचवली. तुझ्याकडे आता प्रोबही आहे. छातीवर ठेवलास तर पांढरे पट्टे वरून थेट तळापर्यंत उतरताना दिसतील, बरेचदा स्टेथोत काही ऐकू येण्याआधी. सलाइन सोडण्यापूर्वी तेवढं बघत जा.

सगळ्यांत जास्त मला काळजी वाटते ती पाळी चुकलेल्या, चक्कर येऊन पडलेल्या बाईची. यूपीटी (लघवीची गर्भचाचणी) पॉझिटिव्ह, बीपी ८० आणि यकृताशेजारी काळी रेघ, तर गर्भ कुठे आहे ते शोधत बसू नकोस, नळीतला गर्भ फुटलाय असंच धरून चाल. सिस्टरना १०८ ला फोन लावायला सांग, दोन जाड सुया लाव. जिल्ह्याच्या स्त्रीरोगतज्ज्ञांना स्वतः फोन करून नाडी, बीपी आणि पोटात रक्त, एवढंच सांग, म्हणजे गाडी पोचेपर्यंत थिएटर तयार असेल. पीसीपीएनडीटीचा एफ फॉर्म मात्र त्याच रात्री भर, सकाळवर टाकू नकोस.