शिळ्या भाताचा ताळेबंद

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने भातावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना आश्चर्य वाटेल. परंतु उरलेला भात हा माझ्या मते आमच्याच अभ्यासक्रमातला विषय आहे. तो नाशवंत माल आहे, रोज रात्री त्याचा अखेरचा साठा निघतो आणि त्याची किंमत ठरवताना बहुतेक घरांत चूक होते. शिवाय खोली घेऊन हाताने स्वयंपाक करणारे आणि खानापूर-चंदगडकडून सकाळच्या एस.टी.ने डबा घेऊन येणारे विद्यार्थी बेळगावात पुष्कळ आहेत. मी पहिल्या गटातला. तेव्हा हा विषय माझ्या रोजच्या पोटाचा आहे.

मराठीत ‘अन्न’ म्हणजे जे जे खावयाचे ते सारे; कन्नडमध्ये ‘अन्न’ म्हणजे शिजलेला भातच. माझा कन्नड सोबती शिळ्या भाताला ‘तंगळन्न’ म्हणतो आणि सकाळी त्याचे चित्रान्न करतो. मी त्याच भाताला फोडणी देतो. भाषा दोन, पातेले एक, आणि समजूतही एकच: “नीट परतला की झाले, विस्तवापुढे काय टिकते?” ही समजूत अर्धीच खरी आहे. तिचा उरलेला अर्धा भाग तपासावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

भातात काय घडते?

तांदूळ शेतातून येतो आणि शेतातल्या मातीत ‘बॅसिलस सिरियस’ नावाचा जिवाणू सर्वत्र असतो. परिस्थिती प्रतिकूल झाली की तो स्वतःभोवती कवच करून सुप्त राहतो. या अवस्थेला बीजाणू म्हणतात. तांदूळ कितीही धुतला तरी सगळे बीजाणू जात नाहीत आणि उकळत्या पाण्यातही त्यांतले काही जिवंत राहतात. कुकरच्या वाफेची उष्णता अधिक असते हे खरे. पण झाकण काढल्यावर पळी, हात आणि भांडे यांच्यावाटे नवे जंतू येतातच.

भात शिजला की लगेच काही बिघडत नाही. वाफाळता भात जंतूंना सोसत नाही. धोका सुरू होतो तो भात कोमट झाल्यावर. ओलावा, पिष्ट आणि ऊब ही तिन्ही एकत्र मिळाली की बीजाणू जागे होतात आणि जिवाणू वाढू लागतात. वाढताना त्यांतले काही प्रकार भातातच एक विष तयार करतात. त्याचे नाव ‘सिरियुलाइड’. ते १२१ अंश सेल्सिअस उष्णतेत दीड तास ठेवले तरी नष्ट होत नाही. आपली फोडणी जेमतेम दहा मिनिटांची! ती जिवाणूला मारते. त्याने करून ठेवलेले विष मात्र जसेच्या तसे राहते. असा भात खाल्ल्यावर अर्ध्या तासापासून सहा तासांच्या आत उलट्या सुरू होतात.

याच जिवाणूमुळे जुलाबाचाही आजार होतो. त्याची लक्षणे साधारण सहा ते पंधरा तासांनी दिसतात. त्याचे विष मुख्यतः आतड्यात तयार होते आणि ते उष्णतेपुढे टिकत नाही. तेथे नीट गरम केल्याचा उपयोग होतो. म्हणूनच वरील समजुतीला मी अर्धी खरी म्हटले.

ही गोष्ट जगाच्या ध्यानात आली ती भातामुळेच. १९७१ मध्ये ब्रिटनमधल्या चिनी उपाहारगृहांत परतलेला भात खाऊन लोक आजारी पडल्याचे प्रकार नोंदले गेले. तेथे भात मोठ्या प्रमाणावर शिजवून तसाच बाहेर ठेवीत आणि गिऱ्हाईक आले की झटपट परतून देत. फोडणीच्या भाताची आपली रीत यापेक्षा फारशी निराळी नाही.

बहुधा हा आजार एका दिवसात आटोपतो, म्हणून आपण तो ‘पोट बिघडले’ एवढ्यावर सोडतो. परंतु २००८ मध्ये ब्रुसेल्स येथे वीस वर्षांच्या एका विद्यार्थ्याने पाच दिवस खोलीतच बाहेर राहिलेल्या शेवया, म्हणजे स्पॅगेटी, गरम करून खाल्ल्या आणि त्याच रात्री झोपेत तो मरण पावला. पदार्थ भात नव्हता, पण जिवाणू हाच होता. असे क्वचितच घडते. तरीही वय वीस, राहणे खोलीत, उरलेले अन्न वाया जाऊ नये ही इच्छा, हे वर्णन आपल्यापैकी किती जणांना लागू पडते!

चक्रवाढ व्याज

जिवाणूंची वाढ सरळ व्याजाने होत नाही, चक्रवाढीने होते. अनुकूल उबेत ते अर्ध्या तासात दुप्पट होतात असे धरू. रात्री नऊला एक असेल, तर पहाटे पाचपर्यंत सोळा वेळा दुप्पट होऊन त्याचे ६५,५३६ होतील. हे केवळ गणित आहे, पण बोध स्पष्ट आहे. पहिल्या तासातली काळजी जे वाचवते, ते शेवटच्या तासातल्या विस्तवाने परत मिळत नाही. आणि हे कर्ज दिसतही नाही. विष असलेल्या भाताला वास येईलच, चव बदलेलच, असा नियम नाही. हुंगून पाहणे ही तपासणी नव्हे.

व्यवहारात काय करावे?

१. जेवण होताच उरलेला भात पातेल्यातून काढावा. भरल्या पातेल्याचा मधला भाग कित्येक तास कोमट राहतो. स्वच्छ परातीत किंवा ताटात पातळ थर करून पसरला की तो लवकर निवतो. तासाभरात निववून झाकणाच्या डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा. शिजलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर राहू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेचेही सांगणे आहे.

२. फ्रिज पाच अंशांच्या खाली असावा. तेथेही भात फार दिवस ठेवू नये. दुसऱ्या दिवशी संपवावा हे उत्तम. वीज गेल्यास फ्रिजचे दार उघडू नये. बंद फ्रिज साधारण चार तास थंडावा धरतो.

३. गरम करताना लागेल तेवढाच भात घ्यावा. पाण्याचा हबका मारून, झाकण ठेवून, तळापासून हलवत सगळीकडून चांगली वाफ येईपर्यंत तापवावा. आतला भाग किमान सत्तर अंशांपर्यंत तापला पाहिजे. एकदा गरम केलेला भात पुन्हा ठेवू नये.

४. शिळा भात ताज्या भातात मिसळू नये. अनेक घरांत तो ताज्या भातावर घालून वाफवतात. त्यात जुना माल कोणता आणि नवा कोणता, हेच पुढे कळेनासे होते. गोदामातला नियम येथेही लागू आहे: आधी आलेला माल आधी बाहेर.

फ्रिज नसेल तर?

आपल्यापैकी अनेकांच्या खोलीत फ्रिज नाही. त्यांनी डिसेंबरातल्या थंडीवर विसंबू नये. बेळगावची थंडी अंगाला झोंबली तरी ती फ्रिजची बरोबरी करीत नाही. अन्न गरम ठेवणाऱ्या डब्याचाही भरवसा थोडाच वेळ. त्यातला भात साठ अंशांच्या खाली आला की तो डबा उलट ऊबच पुरवतो. येथे खरा उपाय एकच, तो म्हणजे वाटीने मोजून तांदूळ घेणे. चार दिवस टिपण ठेवले की आपल्याला किती लागतो हे अचूक कळते. सकाळी भरून दुपारी उघडायच्या डब्यात भातापेक्षा चपाती किंवा भाकरी बरी.

येथे कोणी विचारील की ओडिशातला पखाल आणि बंगालमधला पांता हे तर रात्रभर ठेवलेलेच भात आहेत, मग ते कसे चालतात? ते भात पाण्यात बुडवून आंबवतात. त्यात लॅक्टिक आम्ल तयार होते आणि या जिवाणूला आंबटपणा मानवत नाही. ती एक वेगळी, पिढ्यान्‌पिढ्यांची रीत आहे. पातेल्यात विसरलेला कोरडा भात म्हणजे पखाल नव्हे.

एवढे करूनही उलट्या-जुलाब झालेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवून ते थोडे थोडे पीत राहावे. चमचा चहाचा समजावा. उलट्या थांबत नसतील, ग्लानी येत असेल किंवा आजारी व्यक्ती लहान मूल वा वृद्ध असेल, तर डॉक्टरांकडे जाण्यास वेळ लावू नये.

नावे कोणाच्या?

हिशेबशास्त्रात अखेरच्या साठ्याचे मूल्य खरेदी किंमत आणि बाजारभाव यांपैकी जे कमी असेल ते धरतात. रात्रभर बाहेर राहिलेल्या भाताची खरेदी किंमत काहीही असो, सकाळी त्याचे मूल्य शून्य असते. तो टाकताना जीव हळहळतो, कारण अन्नाला पूर्णब्रह्म मानणाऱ्या घरांत आपण वाढलो. पण त्या भाताचा तोटा रात्रीच होऊन गेलेला असतो. सकाळी आपण ठरवतो ते एवढेच, की तो तोटा कोणाच्या नावे टाकायचा.

आणि तो कोणाच्या नावे पडतो, हे नीट पाहण्यासारखे आहे. घरात शिळा भात बहुधा आईच्या किंवा वहिनीच्या ताटात जातो. त्याहून उरला तर भांडी घासायला येणाऱ्या बाईंच्या डब्यात. लग्नकार्यात उरलेला भात दुसऱ्या दिवशी सकाळी एखाद्या वस्तीवर पोचतो. देणाऱ्याच्या खाती पुण्य जमा होते आणि घेणाऱ्याच्या नावे जोखीम पडते. भात द्यायचाच असेल तर त्याच रात्री, गरम असताना द्यावा. आणि जो आपण आपल्या पाहुण्याला वाढणार नाही, तो कोणालाच वाढू नये.

शिळ्या कढीला ऊत आणण्यात अर्थ नाही, असे आपण म्हणतो. भाताच्या बाबतीत तर ते अक्षरशः खरे आहे. अन्न वाचवायचे ते रात्री, ताटे उचलण्याच्या वेळीच. एक परात, एक झाकणाचा डबा आणि दहा मिनिटे, एवढेच त्याला भांडवल लागते.