आधी पूड पाण्यात टाका

दर्यापूरच्या आमच्या घराच्या भिंतींचे पोपडे कंबरेइतके वर चढले, तेव्हा रंगाऱ्याने ‘बुरशी’ म्हणून सांगितलं आणि बुरशीनाशक रंगाचा हिशेब मांडला. मग एक जण ‘हवेची तपासणी’ करायला आला. त्याने खोल्यांत उघड्या बशा ठेवल्या, बशांत बुरशी उगवली आणि रिपोर्ट हाती पडला. उगवणारच! बुरशीचे कण कोणत्या घराच्या हवेत नसतात? किती असले म्हणजे घर बिघडलं, याचं सर्वमान्य मापच नाही.

शेवटी गावातल्या मिस्त्रीने भिंतीवरची पांढरी पूड खरवडून वाटीभर पाण्यात टाकली. ती विरघळून गेली. “काकाजी, हे बुरशी नाई, खार आहे. बोअरच्या पान्यानं बांधलं नं घर?”

बांधलं होतं तसंच. पूर्णेच्या खोऱ्यातला हा खारपाणपट्टा. अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर, दर्यापूर, भातकुली या तालुक्यांच्या बऱ्याच भागांत जमिनीखालचं पाणी खारं. काळी माती ओल धरून ठेवते, ती ओल जोत्यातून भिंतीत चढते, पाणी उडून जातं आणि उरलेलं मीठ आतून गिलावा फोडतं. वरून ऑइलपेंट मारला की ओल कोंडते आणि आणखी वर सरकते. सळईच्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त क्लोराइड नसावं, असं आयएस ४५६ हे भारतीय मानक सांगतं. म्हणून पैसे खर्चायचे तर पाया खोदण्याआधी पाणी तपासण्यावर खर्चा.

खरी बुरशी आम्हाला अकोल्यातल्या भाड्याच्या घरात भेटली, कपाटामागे. काळपट हिरवी, कुबट वासाची. पाऊस लागल्यावरही खिडक्या लावून कुलर चालवला की दुसरं काय होणार! अशा वेळी भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवा. थेंब भिंतीकडून आले तर ओल भिंतीतली, खोलीकडून आले तर हवेतली. हवेतली असेल तर कुलर बंद, खिडक्या उघड्या आणि कपाट भिंतीपासून वीतभर पुढे. २०२१च्या जुलैत तिथेच मोर्णा नदीचं पाणी शिरलेल्या घरांतून भिजलेल्या गाद्या वाळवून पुन्हा वापरणारे पाहिले. त्या टाकूनच द्याव्या लागतात. भिंतीवर बुरशीचा डाग दिसतोच आहे, तर तो कोणत्या जातीचा हे विचारायला प्रयोगशाळेत जाऊ नका. ओल थांबवा, मास्क लावून साबणाच्या पाण्याने पुसा, भिंत कोरडी करा.

प्रयोगशाळा लागते ती सिमेंटच्या पत्र्याला. कवेलू काढून आपल्याकडे घरोघरी जे पत्रे आले, त्यांतल्या पुष्कळांत पांढरं अॅस्बेस्टॉस असतं. त्याच्या धुळीने फुप्फुसाचा कर्करोग होतो, तरी ते विकायला आपल्या देशात बंदी नाही. पत्र्यात ते आहे की नाही, हे डोळ्यांना कळत नाही. तुकडा सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो. तोवर ते आहे असंच धरून चाला. अखंड पत्रा फारसा त्रास देत नाही. फुटलेला, कापलेला, भोक पाडलेला देतो. माकडांनी उड्या मारून फोडला, तर तुकडे ओले करून जाड प्लॅस्टिकमध्ये बांधा, कोरड्या झाडूने झाडू नका. आणि सोलर बसवणारा ड्रिल घेऊन वर चढण्याआधी पत्रा कशाचा आहे, हे त्याला खालीच सांगा.