खटका बदलण्याआधी झाकण तपासा

प्रश्न : माझ्या १९८४च्या प्रीमियर पद्मिनीत डॅशबोर्डच्या कप्प्याचं झाकण खड्डा आला की आपोआप उघडतं. नवा खटका बसवू का? – एक वाचक, धरमपेठ, नागपूर

उत्तर : इतक्यात नको. आधी खटक्याच्या जिभेला खडू फासून झाकण लावा नि उघडा. समोरच्या पट्टीवर खूण अगदी कडेला उमटली, तर दोष बहुधा खटक्याचा नाही. बिजागरी झिजून झाकण खाली उतरलंय. ते किंचित उचलून धरल्यावर खटका नीट लागला, तर शंकाच उरत नाही. नवा खटका स्वस्त मिळेलही, पण तोही त्याच चुकीच्या जागी आदळणार, शिवाय मूळ भोकांत बसेलच असं नाही. त्यापेक्षा पट्टीचे स्क्रू सैल करून ती खुणेच्या बाजूला सरकवा. तेलाचे दोन थेंब सोडले की भागतं, असं सांगणारे भेटतील. जीभ आत अडकत असेल तर त्यांचं म्हणणं रास्त आहे; मात्र नागपूरच्या उन्हाळ्यात धूळ बसून त्या तेलाचा चिकटा होतो, म्हणून पेन्सिलीच्या शिसाची पूड बरी. जिभेची कड गोल झाली असेल किंवा स्प्रिंग मेली असेल, तरच खटका बदला. आणि जुना टाकू नका, नव्याची मापं त्यावरूनच जुळवायची आहेत.