विहिरीचं पाणी काळं का झालं? – बिछडी गावाचा धडा



'प्रदूषण' म्हटलं की मुलं चिमणीतून निघणाऱ्या धुराचं चित्र काढतात. धूर दिसतो, म्हणून लक्षात राहतो. पण जमिनीत मुरणारं विष दिसत नाही. ते समजावून सांगायला मला बिछडीची गोष्ट सगळ्यात जवळची वाटते.

बिछडी हे राजस्थानात उदयपूरजवळचं छोटंसं गाव. शेती, गुरं आणि पिण्याचं पाणी, सगळं विहिरींवर अवलंबून. १९८८ मध्ये तिथे 'एच ॲसिड' बनू लागलं. कापडाचे रंग तयार करायला लागणारं हे रसायन. उत्पादन जेमतेम वर्षभर चाललं. माल निघाला सुमारे ३७५ टन, आणि विषारी गाळ जवळजवळ २,५०० टन! (मुलांना गणित घाला : एक टन मालामागे किती गाळ?)

हा गाळ उघड्यावर टाकला गेला. पावसात त्यातलं विष विरघळलं आणि जमिनीत झिरपलं. विहिरींचं पाणी काळपट झालं. ते माणसांना चालेना, गुरांना चालेना, पिकांनाही चालेना. १९८९ मध्ये कारखाने बंद पडले. मग प्रश्न मिटला का? नाही. बराचसा गाळ पसरून त्यावर माती ओढल्याचं पुढे न्यायालयासमोर आलं.

वर्गात करून पाहा

१. पारदर्शक प्लास्टिकच्या ग्लासला तळाशी बारीक छिद्रं पाडा आणि त्यात धुतलेली वाळू भरा.
२. वर एका कोपऱ्यात चिमूटभर खाण्याचा रंग ठेवून हळूहळू पाणी ओता. खाली रंगीत थेंब पडतील.
३. आता वरचा रंग चमच्याने काढून टाका आणि पुन्हा स्वच्छ पाणी ओता.

खाली तरीही रंगीतच पाणी येतं! इथे थांबा, लगेच उत्तर सांगू नका. "रंग तर काढला, मग हा कुठून आला?" हे मुलांनाच शोधू द्या.

पुढे काय झालं?

१९८९ मध्येच प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. आपल्या नागपूरच्या 'नीरी' संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथली माती आणि पाणी तपासलं. १९९६ मध्ये न्यायालयाने निकाल दिला : ज्याने प्रदूषण केलं, त्यानेच सफाईचा आणि नुकसानीचा खर्च द्यायचा. देशभरात आजही या निकालाचा दाखला दिला जातो. तरी पैसे भरले गेले नाहीत. २०११ मध्ये न्यायालयाला सुमारे ३७ कोटी रुपये व्याजासह भरण्याचा आदेश पुन्हा द्यावा लागला. एका वर्षाचं उत्पादन आणि बावीस वर्षांची लढाई. विहीर बिघडली तेव्हा पहिलीत असलेलं मूल तोवर आईबाप झालं असेल.

चर्चेसाठी प्रश्न

• कारखाना बंद झाला तरी पाणी का सुधारलं नाही?
• गाळावर माती टाकणं म्हणजे सफाई का नव्हे?
• आपल्या शेतात औषधाचे रिकामे डबे कुठे जातात?

पालकहो, शेवटचा प्रश्न तुमच्यासाठीही आहे. बिछडीचं पाणी निदान काळं झालं, म्हणून कळलं. फ्लोराइड किंवा नायट्रेटला रंग नसतो, वासही नसतो. म्हणून 'स्वच्छ दिसतं म्हणजे शुद्ध' हे मुलांच्या मनातून काढू या. आणि गावातल्या विहिरीचं पाणी शेवटचं कधी तपासलं, हे एकदा मुलांना सोबत घेऊन ग्रामपंचायतीत विचारू या.