‘डिस्ट्रॉय म्हणजे काय रे?’

आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय 2, श्लोक 62 आणि 63



आज एका इंग्रजी क्रियापदापासून सुरुवात करतो. डिस्ट्रॉय. आपण ते दिवसातून दहा वेळा वापरतो. मॅचमध्ये समोरच्या टीमला डिस्ट्रॉय केलं, बॉसने मूड डिस्ट्रॉय केला. मे महिन्यात मी हाच शब्द माझ्या वडिलांना लिहिला.

माझ्या कोर्ससाठी ठेवलेले पैसे बाबांनी होडीच्या इंजिनाला लावले होते. मला हे नंतर कळलं. रात्री बोरिवलीच्या खोलीत बसून मी मेसेज टाकला, ‘तुम्ही माझं करिअर डिस्ट्रॉय केलंत.’

सकाळी मुरब्याहून फोन आला. बाबांचं शिक्षण सातवीपर्यंतचं. म्हणाले, “अरे, ते डिस्ट्रॉय म्हणजे काय रे?”

मला खरा अर्थ सांगवेना. म्हटलं, “खराब होणं, बाबा.”

“मग बघू या काय खराब झालंय ते. ये घरी.”

फोन ठेवल्यावर मी पहिल्यांदा त्या शब्दाचा नीट अर्थ बघितला. मूळ लॅटिन. त्यात ‘स्ट्रुएरे’ म्हणजे रचणं, उभारणं. स्ट्रक्चर आणि कन्स्ट्रक्शन हे शब्दही त्याच घरातले. पुढे ‘डे’ लागला की उलटं: रचलेलं मोडून टाकणं. डॅमेज झालेली वस्तू दुरुस्त होते. डिस्ट्रॉय झालेली बहुधा होत नाही. आणि या क्रियापदाला कर्ता लागतो, कुणीतरी मोडणारा. माझ्या वाक्यात मी त्या जागी बाबांना बसवलं होतं.

आता गीतेकडे येऊ. या दोन श्लोकांत भगवंत एक उतरण दाखवतात. विषयांचं सतत चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध. क्रोधातून संमोह, मग स्मृती गोंधळते, मग बुद्धिनाश. शेवटचा शब्द आहे ‘प्रणश्यति’. इंग्रजी भाषांतरांत इथे ‘नाश पावतो’ अशा अर्थाचं काहीतरी सापडेल. पण मूळ धातू आहे नश्, आणि संस्कृत धातुपाठात त्याचा अर्थ दिलाय न दिसणं, दिसेनासं होणं. हे क्रियापद अकर्मक आहे. आपण मराठीत ‘दूध नासलं’ म्हणतो, तसंच.

पूर्ण उतरण पुन्हा वाचा. त्यात दुसरा माणूस कुठेच नाही. कोणी मला ढकलत नाही, मीच एकेक पायरी उतरतो. त्या रात्री नेमकं हेच झालं. पैसे गेले हे खरं होतं. पण पहिल्या नोकरीपर्यंत माझी फी कुणी भरली, हे तेव्हा आठवलंच नाही. स्मृती गोंधळते म्हणजे काय, ते मला तिथे कळलं.

मग ‘नष्ट कर’ असं भगवंत कशाबद्दल सांगतात? तिसऱ्या अध्यायाचा 43 वा श्लोक बघा. तिथे मारायचा शत्रू म्हणून नाव येतं कामाचं, म्हणजे आतल्या हावेचं.

आणि हाच ‘प्रणश्यति’ पुढे दोनदा वेगळ्या सुरात येतो. 6.30 मध्ये: जो मला सगळीकडे पाहतो, तो मला हरवत नाही आणि मी त्याला हरवत नाही. 9.31 मध्ये: माझा भक्त नाश पावत नाही. त्याच्या आदल्याच श्लोकात अत्यंत दुराचारी माणसाचीही गोष्ट आहे. म्हणजे दुसऱ्या अध्यायात जो दिसेनासा झाला, त्याला परत यायची वाट बंद नाही.

जूनमध्ये घरी गेलो. 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, त्यामुळे होड्या वर ओढलेल्या आणि बाबा ओटीवर जाळं दुरुस्त करत बसलेले. मी शेजारी बसलो आणि डिस्ट्रॉयचा खरा अर्थ सांगितला. माफी मागितली. ते थोडा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, “आधी सांगायला पाहिजे होतं मी तुला. इंजिन बंद पडलं होतं, लाज वाटली.”

पैशांचा प्रश्न अजून सुटलेला नाही. कोर्स पुढच्या वर्षावर गेलाय. पण आता त्यावर आम्ही दोघं मिळून हिशेब करतो.

आजचा अभ्यास: तुमच्या फोनमधला रागात पाठवलेला एक मेसेज काढा. त्यातलं क्रियापद बघा, त्याचा कर्ता कोण केलाय ते बघा. मग 2.62-63 सावकाश वाचा आणि त्या वेळी आपण कितव्या पायरीवर होतो ते ओळखा. जमलं तर त्या माणसाला आजच फोन करा.

हे माधवा, राग येईल तेव्हा आठवण शाबूत ठेव.

राम कृष्ण हरी.