मुलांचा फुटबॉल आणि डॉक्टरची सही

जून महिन्यात शाळा सुरू झाल्या, की दवाखान्यात सर्टिफिकेटसाठी गर्दी होते. कुणाला आजारपणाचे हवे असते, तर कुणाला खेळण्यास योग्य असल्याचे. २०१६ सालच्या जूनमध्ये असेच एक गृहस्थ माझ्याकडे आले. लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले. गावातल्या मुलांना गोळा करून शाळेमागच्या पडीक मैदानावर त्यांनी फुटबॉलचा क्लब सुरू केला होता. नगरला लष्कराची छावणी जुनी असल्याने आपल्या जिल्ह्याला फुटबॉल अगदीच परका नाही. सुभेदारसाहेब म्हणाले, "डॉक्टरसाहेब, पोरांना नगरला स्पर्धेसाठी न्यायचंय. अठरा सर्टिफिकेटं लागतात."

बाहेर तापाचे पेशंट ताटकळत बसले होते. मी अठरा कागदांवर सह्या केल्या. मुले पाहिली नाहीत, स्टेथोस्कोप लावला नाही.

दोन महिन्यांनी एक आई बारा वर्षांच्या मुलाला घेऊन आली. "डॉक्टर, हा पळाला की लई धापा टाकतो. रात्री दोन उशा घेऊन झोपतो." मी छाती तपासली. हृदयाच्या ठोक्यांबरोबर वेगळा आवाज स्पष्ट ऐकू येत होता. आदल्या वर्षी घसा दुखून गेल्यावर त्याचे गुडघे आणि घोटे सुजले होते, तापही होता, हे आईने विचारल्याबरोबर सांगितले. नगरला इको तपासणी केली. संधिवाताच्या तापाने त्याच्या हृदयाची झडप खराब झाली होती. हा मुलगा त्या अठरांपैकी एक होता. "खेळण्यास पूर्णपणे योग्य" या वाक्याखाली माझी सही होती.

सुदैवाने वाईट काही घडले नाही. पण घडू शकले असते. त्यानंतर मी क्लबचा डॉक्टर झालो. डॉक्टर कसला, रविवारी सकाळी मैदानाच्या कडेला उभा राहणारा एक माणूस! त्या अनुभवातून शिकलेल्या गोष्टी आज पालकांसाठी आणि क्लब चालवणाऱ्यांसाठी मांडतो.

खेळ हवाच

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. हे वाचून कुणी मुलांना घरात बसवू नये. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटे दम लागेल असा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. फुटबॉलमध्ये तो आपोआप होतो. पळण्या-उड्या मारण्याने हाडे मजबूत होतात, वजन आटोक्यात राहते, झोप चांगली लागते. या खेळाला खर्चही फार नाही. नागपूरचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलचे काम उभे केले. त्यावरचा नागराज मंजुळे यांचा 'झुंड' हा चित्रपट २०२२ मध्ये आला, तो अनेकांनी पाहिला असेल. मुलींनाही मैदानावर जरूर पाठवा. मात्र मुलगी लवकर थकत असेल, फिकी दिसत असेल, तर रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्या.

सर्टिफिकेटआधी सहा प्रश्न

महागड्या तपासण्या प्रत्येक मुलाला लागत नाहीत. पालकांना पुढील प्रश्न विचारले, तरी अर्धे काम होते.

१. पळताना मूल कधी चक्कर येऊन पडले किंवा बेशुद्ध झाले आहे का?
२. खेळताना छातीत दुखते किंवा धडधडते का?
३. बरोबरीच्या मुलांपेक्षा याला फार लवकर दम लागतो का?
४. घरात कुणी पन्नाशीच्या आत अचानक दगावले आहे का?
५. घसादुखीनंतर सांधे सुजून ताप आला होता का?
६. दमा, फिट किंवा अन्य आजाराचे औषध चालू आहे का?

एकाही प्रश्नाचे उत्तर 'हो' आले, तर डॉक्टरांकडून नीट तपासणी झाल्याशिवाय मुलाला मैदानात उतरवू नये. 'हो' म्हणजे खेळ बंद, असेही नाही. दमा असलेली अनेक मुले इनहेलर जवळ ठेवून उत्तम खेळतात. संधिवाताच्या तापाची गोष्ट वेगळी. हा आजार प्रामुख्याने पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांना, जंतूंमुळे घसा सुजल्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी होतो. सांध्यांची सूज उतरते आणि घरचे विसरून जातात. हृदयाची झडप मात्र खराब होत राहते. पुन्हा झटका येऊ नये म्हणून दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचे इंजेक्शन अनेक वर्षे घ्यावे लागते. ते चुकवू नये.

डोक्याचा मार

"पडला, उठला, खेळायला लागला" हे कौतुकाने सांगितले जाते. डोक्याला मार लागल्यावर मूल गोंधळले, डोके धरून बसले, स्कोअर विसरले, तोल जाऊ लागला, तर त्याला लगेच बाहेर काढा. त्या दिवशी पुन्हा खेळवू नका, सामना अंतिम असला तरी. बेशुद्धी, पुन्हा पुन्हा उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, सारखी झोप येणे, फिट, हातापायातील अशक्तपणा किंवा कान-नाकातून रक्त वा पाणी, यांपैकी काहीही दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठा. नंतरही आधी अभ्यास-शाळा सुरळीत होऊ द्या, मग डॉक्टरांच्या परवानगीने हळूहळू खेळ.

लहान मुलांकडून डोक्याने चेंडू मारण्याचा सराव करून घेऊ नये. अमेरिकेच्या फुटबॉल संघटनेने २०१५ मध्ये दहा वर्षांपर्यंतच्या मुलांना हेडिंगची बंदी केली. इंग्लंडमध्येही २०२० पासून लहान मुलांच्या सरावात ते थांबवले आहे. चेंडूही वयाप्रमाणे हवा. आठ वर्षांच्या आत ३ नंबर, बारापर्यंत ४ नंबर आणि पुढे ५ नंबर. पावसात भिजून जड झालेला चेंडू बाजूला ठेवावा.

मुरगळ, जखम आणि ऊन

घोटा मुरगळला तर खेळ थांबवून पाय उंच ठेवा, कापडात गुंडाळलेला बर्फ १५ ते २० मिनिटे लावा. तेल लावून चोळू नका, कुणाकडून ओढून घेऊ नका. चार पावलेही टाकता येत नसतील तर एक्स-रे काढावा. वाढत्या वयात गुडघ्याच्या वाटीखाली हाडाला टेंगूळ येऊन दुखते. ते बहुधा वाढीच्या जागेवर ताण पडल्याने असते. खेळ कमी केला की बरे होते. पण दुखणे रात्री झोपमोड करत असेल, सूज वा ताप असेल, तर दाखवून घ्या.

जखम साबण आणि स्वच्छ पाण्याने धुवा. माती, चुना, टूथपेस्ट लावू नका. धनुर्वात व घटसर्पाची लस दहाव्या आणि सोळाव्या वर्षी सरकारी दवाखान्यात मोफत मिळते. ती घेतली आहे का, हे पाहा.

आपल्या जिल्ह्यात एप्रिल-मे महिन्यांत उन्हाचा कडाका असतो. तेव्हा सराव सकाळी आठच्या आत किंवा सायंकाळी साडेपाचनंतर ठेवावा. दर १५-२० मिनिटांनी पाणी पाजा. "पाणी प्यायलास तर पोटात दुखेल" असे सांगून मुलांना तहानलेले ठेवू नये. मूल बरळू लागले, अंग भाजल्यासारखे तापले, तर सावलीत नेऊन अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि १०८ क्रमांकाला फोन करा.

गोलपोस्ट आणि मैदान

आमच्याकडचा गोलपोस्ट गावातल्या वेल्डिंगवाल्याने लोखंडी पाइपचा करून दिला होता. तो नुसता उभा होता आणि मुले आडव्या पाइपला लोंबकळत. असा गोलपोस्ट उलटून जगात अनेक मुले दगावली आहेत. आम्ही तो काँक्रीटमध्ये पक्का केला. एका रविवारी सर्व पालकांनी मिळून मैदानातल्या काचा आणि दगड वेचले. या कामाला पैसा लागला नाही.

मैदानावर एक तरी जाणता

२००४ च्या ५ डिसेंबरला बंगळुरूमध्ये फेडरेशन कपच्या अंतिम सामन्यात गोव्याच्या डेम्पो क्लबचा क्रिस्तियानो ज्युनियर गोल करताना गोलरक्षकाशी टक्कर होऊन कोसळला आणि दगावला. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनमध्ये डेन्मार्कच्या ख्रिश्चन एरिक्सनचे हृदय मैदानातच बंद पडले. त्याची छाती तत्काळ दाबली गेली, विजेचा झटका दिला गेला आणि तो वाचला; पुढच्या वर्षी पुन्हा खेळलाही.

कोसळलेले मूल हाकेला ओ देत नसेल आणि श्वास नीट नसेल, तर एकाने १०८ ला फोन करावा आणि दुसऱ्याने छातीच्या मध्यभागी जोराने, मिनिटाला १०० ते १२० या गतीने दाबत राहावे. पाणी पाजू नये, कांदा हुंगवण्यात वेळ घालवू नये. हे अर्ध्या तासात शिकता येते. आमच्या क्लबात सुभेदारसाहेब, दोन आया आणि एक रिक्षावाले दादा शिकले आहेत.

तो मुलगा आता कॉलेजात आहे. सामने खेळला नाही, पण लहान मुलांच्या सामन्यात शिट्टी त्याच्याकडे असते आणि क्लबचा हिशेबही तोच लिहितो. दर २१ दिवसांनी इंजेक्शनसाठी येतो. मी त्याला एकदा त्या सहीबद्दल सांगून माफी मागितली. तो म्हणाला, "डॉक्टरकाका, आता तर तुम्ही सगळ्यांना तपासता ना?"

आता दर जूनमध्ये एक रविवार मी त्यासाठीच ठेवतो. शाळेच्या व्हरांड्यात मुले ओळीने उभी राहतात, पालक सोबत असतात. एकेका मुलाला पाच-सात मिनिटे लागतात. आपल्या गावात असा क्लब असेल, तर पालकांनी आपल्या डॉक्टरांना वर्षातली ती एक सकाळ मागावी. आणि मुलाला हात न लावता कुणी सही देऊ लागले, तर ती घेऊ नये.